आकड्यांची राखण : प्रस्तावना

२०२० सालच्या सप्टेंबरअखेर इंग्लंडमध्ये करोनाची साथ पुन्हा उचल खात असताना बाधितांच्या दैनंदिन गणनेतून १५,८४१ रुग्ण आठ दिवसांच्या अवधीत गळून पडले. प्रयोगशाळांनी आपले अहवाल पाठविले होते आणि सार्वजनिक आरोग्य खात्याने ते स्वीकारलेही होते. परंतु मधल्या टप्प्यावर ते ज्या जुन्या घाटणीच्या एक्सेल फायलींत भरले जात, त्या फायलींना ६५,५३६ ओळींची मर्यादा होती, आणि एकेका रुग्णामागे अनेक ओळी खर्ची पडत असल्याने ती मर्यादा भरताच पुढच्या ओळी निमूटपणे वगळल्या गेल्या. रुग्णांना स्वतःचा निकाल कळला. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध मात्र कित्येक दिवस लांबला. ह्या प्रकरणात कोणतेही यंत्र बंद पडले नव्हते, कोणत्याही कर्मचाऱ्याने कामात कुचराई केली नव्हती, आणि रोज संध्याकाळी प्रसिद्ध होणारा आकडा वरकरणी अगदी व्यवस्थित दिसत होता.

प्रस्तुत ग्रंथाचा विषय नेमका हाच आहे. व्यवसायसंस्थांतील डेटाचे काम बिघडते तेव्हा ते बहुधा गाजावाजा न करता बिघडते. तक्ते भरतात, आलेख उमटतात, रात्रीच्या कामांपुढे यशाची हिरवी खूण पडते, आणि चुकीचा आकडा बरोबर आकड्याच्याच पोशाखात संचालकांच्या बैठकीत जाऊन बसतो. तो चुकीचा आहे हे शोधून काढण्याचे काम बहुतेक ठिकाणी अद्याप तो आकडा वाचणारा करतो, तयार करणारा नव्हे. ही उलटी वहिवाट सुलटी करणे, म्हणजे दोष वाचकाच्या नजरेस येण्यापूर्वी तो डेटा सांभाळणाऱ्या तुकडीला कळेल, तो कोठे उद्भवला हे तिला सांगता येईल आणि तो कोणाकोणापर्यंत पोचला आहे ह्याची यादी तिच्या हाती असेल अशी तजवीज करणे, ह्यालाच डेटा ऑब्झर्व्हेबिलिटी असे नाव पडले आहे.

ही संज्ञा आली नियंत्रणशास्त्रातून. हंगेरीत जन्मलेले अभियंते रूडॉल्फ काल्मान ह्यांनी १९६० साली तिला गणिती रूप दिले : एखाद्या यंत्रणेच्या केवळ बाहेर पडणाऱ्या संकेतांवरून तिची अंतर्गत अवस्था निश्चित करता येत असेल, तर ती यंत्रणा ह्या गुणाने युक्त मानावी. पुढे अर्धशतकाने, संगणकीय सेवा शेकडो लहान भागांत विखुरल्या गेल्या आणि कोणता भाग का अडला हे डोळ्यांनी पाहणे अशक्य झाले, तेव्हा सॉफ्टवेअर चालविणाऱ्यांनी ही कल्पना उचलली. गूगलने २०१० साली आपल्या डॅपर ह्या व्यवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात एकच विनंती अनेक सेवांतून कशी प्रवास करते ह्याचा माग ठेवण्याची रीत होती. सेवा जिवंत आहे की नाही हे सांगणारे साधे देखरेखीचे फलक मागे पडून, ती अशी का वागते आहे ह्या आधी न योजलेल्या प्रश्नालाही उत्तर देऊ शकणाऱ्या नोंदी ठेवण्याकडे कल वाढला. २०१९ च्या सुमारास हाच विचार तक्त्यांकडे आणि त्यांत डेटा वाहून आणणाऱ्या पाइपलाइनींकडे वळला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या मॉन्टे कार्लो ह्या अमेरिकी कंपनीच्या बार मोझेस ह्यांनी डेटा चुकीचा, अपुरा किंवा शिळा असतो त्या कालावधीला ‘डेटा डाउनटाइम’ म्हणून मोजावयाची कल्पना रुजविली, आणि २०२२ व २०२३ मध्ये ह्या विषयावर स्वतंत्र ग्रंथही निघाले.

परंतु संज्ञा नवी म्हणून चिंता नवी ठरत नाही. पेशवाईच्या मुलकी कारभाराकडे पाहिले तर मामलेदाराच्या हिशेबावर त्याचा एकट्याचा भरवसा कधीच ठेवलेला आढळत नाही. त्याच्यासोबत दिवाण, मुजुमदार, फडनीस, सबनीस, पोतनीस इत्यादी दरकदार नेमलेले असत. हिशेब तपासण्याचे काम मुजुमदाराकडे असे. आणि ह्या दरकदारांना दूर करण्याचा अधिकार मामलेदारास नसे, हा त्या व्यवस्थेचा प्राण होता. पुण्याच्या हुजूर दप्तरात एकबेरीज नावाची शाखाच अशी होती, की सर्व ठिकाणचे हिशेब वर्गवारीने एकत्र करून त्यांचा गोषवारा तिने सिद्ध करावा. आकडा निर्माण करणारा आणि आकड्याची खातरजमा करणारा हे परस्परांपासून स्वतंत्र असावेत, हे तत्त्व त्या कारकुनांना पुरते अवगत होते.

विसाव्या शतकात ह्या तत्त्वाला संख्याशास्त्राचे बळ लाभले. १९२४ च्या मे महिन्यात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील वॉल्टर श्यूहार्ट ह्यांनी आपल्या वरिष्ठांना एक छोटेसे टिपण दिले. त्यात आज नियंत्रण-आलेख म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आकृतीचा पहिला नमुना होता. प्रत्येक प्रक्रियेत काही चढउतार स्वाभाविक असतात, काही चढउतारांमागे मात्र हुडकून काढता येईल असे विशिष्ट कारण असते, आणि ह्या दोहोंमध्ये भेद करता आला पाहिजे, एवढीच त्यांची मूळ मांडणी. आज एखादे साधन ‘काल ह्या तक्त्यात नेहमीपेक्षा फार कमी ओळी आल्या’ असा इशारा देते, तेव्हा ते श्यूहार्ट ह्यांचाच विचार नव्या वेशात राबवीत असते. हिंदुस्थानात प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांनी नमुना-पाहण्यांसाठी परस्परांत गुंफलेल्या उपनमुन्यांची पद्धत योजिली : एकाच क्षेत्राचे दोन स्वतंत्र नमुने दोन निरनिराळ्या पथकांकडून गोळा करवावयाचे आणि त्यांच्या निष्कर्षांतील तफावतीवरून क्षेत्रकार्याचा दर्जा जोखावयाचा. मोजणी करतानाच मोजणीची परीक्षा होत राहावी, ही त्यामागील दृष्टी आजच्या डेटा अभियंत्याने अवश्य अभ्यासावी. आमच्या मते तिच्याइतका समर्पक पूर्वज ह्या क्षेत्राला दुसरा नाही.

संगणकीय कालखंडाचा आढावा थोडक्यात घेता येईल. एडगर कॉड ह्यांनी १९७० साली मांडलेल्या संबंधाधारित प्रतिमानाने तक्त्यांना शिस्त दिली. १९९० नंतरच्या दशकात बिल इन्मन आणि राल्फ किंबॉल ह्यांच्या ग्रंथांनी डेटा वेअरहाउसची बांधणी कशी करावी हे शिकविले. आणि १९९६ मध्ये रिचर्ड वँग व डायेन स्ट्राँग ह्यांनी डेटाची गुणवत्ता म्हणजे केवळ अचूकता नव्हे, तर ती वापरणाऱ्याच्या प्रयोजनावरही अवलंबून असते हे प्रतिपादून तिचे पंधरा पैलू वर्णिले. त्या काळी वेअरहाउसला मोजक्या ठिकाणांहून डेटा येई, तो रात्री एकदा येई, आणि त्याची सगळी वाट ठाऊक असलेला एखादा जुना जाणता अधिकारी संस्थेत असे. २०१२ नंतर क्लाउडवरील वेअरहाउस सुलभ झाली, एअरफ्लो आणि डीबीटी ह्यांसारख्या साधनांनी नवा तक्ता निर्माण करणे अर्ध्या दिवसाचे काम करून टाकले, आणि पाहता पाहता मध्यम आकाराच्या संस्थेतही शेकडो तक्ते एकमेकांवर विसंबून उभे राहिले. अशा पसाऱ्याचा संपूर्ण नकाशा कोणाही एका माणसाच्या डोक्यात मावेनासा झाला. ऑब्झर्व्हेबिलिटीची निकड उत्पन्न झाली ती येथून.

निकड कशी भासते हे नीट समजण्यासाठी एक कल्पित पण नित्य घडणारा प्रसंग बारकाईने पाहू. एखाद्या औषध-वितरक संस्थेच्या भिवंडी, नाशिक, रत्नागिरी आणि नागपूर येथील डेपोंतून रोजची बिले रात्री दोन वाजता वेअरहाउसमध्ये येतात, पहाटे पाचपर्यंत त्यांचे विभागवार तक्ते बनतात आणि नऊ वाजता पुरवठा-नियोजनाचे अधिकारी डॅशबोर्ड उघडतात. एके दिवशी बिलिंगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसविली जाते आणि आजवर अक्षररूपाने येणारा डेपोचा संकेतांक अंकरूपाने येऊ लागतो. रत्नागिरी डेपोच्या ‘०१४’ ह्या संकेतांकातील आरंभीचे शून्य गळते आणि ‘१४’ उरते. डेपोंच्या मूळ यादीत ‘१४’ नावाचे काहीच नाही. त्यामुळे जोड जुळत नाही, आणि न जुळलेल्या सर्व ओळी, कोणी तरी दोन वर्षांपूर्वी सोयीसाठी लिहून ठेवलेल्या नियमानुसार, ‘इतर’ ह्या सदरात जाऊन पडतात. एकूण विक्री पैशापर्यंत बरोबर आहे. हिशेब खात्याने ताळा घेतला तर तोही जमतो. फक्त कोकणातली विक्री कागदावर निम्म्याने घटलेली दिसते, आणि नियोजनाचा अधिकारी सरळ मनाने रत्नागिरीचा पुढील आठवड्याचा माल कमी करतो. पंधरवड्याने तेथील औषधविक्रेत्यांचे फोन येऊ लागतात.

ह्या प्रसंगात डेटा वेळेवर आला होता, म्हणजे ताजेपणाची कसोटी उत्तीर्ण झाली होती; ओळींची संख्या यथास्थित होती, म्हणजे आकारमानाची कसोटीही उत्तीर्ण झाली होती. दोष सापडला असता तो अन्य दोन ठिकाणी. एक म्हणजे संरचना : स्तंभाचा प्रकार अक्षरावरून अंकावर गेला, ही घटना त्याच रात्री नोंदविता येण्याजोगी होती. दुसरे म्हणजे विभागणी : ‘इतर’ ह्या सदराचा एरवीचा क्षुल्लक वाटा एकाएकी कित्येक पटींनी फुगला, हा बदल कोणत्याही नियंत्रण-आलेखावर ठळक उमटला असता. आणि पाचवी गोष्ट म्हणजे वंशावळ, ज्याला ह्या व्यवसायात लिनिएज म्हणतात : ह्या एका स्तंभावरून कोणते तक्ते, कोणते अहवाल आणि कोणते निर्णय निघतात ह्याचा आलेख हाताशी असता, तर सकाळी सात वाजता नियोजनाच्या अधिकाऱ्यास ‘आज विभागवार आकडे वापरू नयेत’ असा निरोप गेला असता. ताजेपणा, आकारमान, संरचना, विभागणी आणि वंशावळ ह्या पाच अंगांची जी चर्चा ह्या क्षेत्रात वारंवार आढळते, ती अशा प्रसंगांतून सिद्ध झाली आहे. त्यांतील वंशावळीस आम्ही सर्वांत अधिक मोल देतो. कारण दोष आहे एवढे कळून भागत नाही, तो कोणाच्या दारात पोचला हे कळल्याखेरीज त्याचा बंदोबस्त होत नाही.

ह्या क्षेत्रात आज अनेक पंथ नांदताना दिसतात. पहिला नियमवाद्यांचा : डेटा कसा असावा हे माणसानेच स्पष्ट वाक्यांत लिहून ठेवावे आणि यंत्राने ते पाळले जाते की नाही एवढे तपासावे. ग्रेट एक्स्पेक्टेशन्स, ॲमेझॉनचे डीक्यू आणि डीबीटीमधील चाचण्या ह्या पंथाच्या. दुसरा पंथ म्हणतो की हजारो स्तंभांसाठी नियम लिहिण्यास माणसे पुरणार नाहीत. सबब प्रत्येक तक्त्याच्या इतिहासावरून त्याचे नेहमीचे वर्तन यंत्राने स्वतःच शिकावे आणि विचलन दिसताच कळवावे. तिसऱ्याचा भर वंशावळीच्या खुल्या प्रमाणीकरणावर आहे. ओपनलिनिएज हा त्याचा उपक्रम. चौथा पंथ मूळ उगमाशी जाऊन भिडतो. त्याचे म्हणणे असे, की डेटा उत्पन्न करणारा आणि तो वापरणारा ह्यांच्यात लेखी करार असावा, आणि करार मोडणारा बदल उगमापाशीच अडविला जावा. औषध-वितरकाच्या उदाहरणात असा करार असता, तर नवी आवृत्ती बसविण्यापूर्वीच तंटा मिटला असता.

ह्यांपैकी कोणा एकाचा पक्ष घेऊन दुसऱ्यास खोडून काढण्याची रीत प्रचलित आहे. ती आम्हांस मान्य नाही. नियम हे व्यवसायाचे ज्ञान असते, आणि विक्रीची किंमत ऋण असू नये हे यंत्राने इतिहासावरून शिकण्याची वाट पाहणे हा वेळेचा अपव्यय आहे. उलट दिवाळीच्या आठवड्यात विक्री किती वाढणे स्वाभाविक हे नियमात लिहू पाहणारा मनुष्य दरवर्षी नियम बदलीत बसेल. करार उत्तम खरे; पण ज्या संस्थेत डेटा बाहेरच्या पुरवठादारांकडून येतो, तेथे करारावर सही करणारेच सापडत नाहीत. तथापि साधने कोणतीही असोत, एका गोष्टीवाचून ती सारी व्यर्थ जातात : प्रत्येक महत्त्वाच्या तक्त्याला नावानिशी जबाबदार असा एक मनुष्य असला पाहिजे. धन्याचे नाव नसलेल्या तक्त्याविषयीचा इशारा सर्वांना जातो, आणि सर्वांना गेलेला इशारा कोणीही वाचत नाही. रोज शेकडो इशारे देणारी व्यवस्था तर अधिकच घातक, कारण तिच्यामुळे माणसे इशारे मिटवून टाकण्यास शिकतात आणि मग त्यांत खरा इशाराही मिटतो.

लाभांविषयी बोलताना विक्रेत्यांच्या पत्रकांतील टक्केवारी आम्ही येथे उद्धृत करणार नाही. प्रत्येक संस्थेने आपले मोजमाप स्वतःच करावे आणि त्यासाठी दोनच आकडे पुरेत : दोष उद्भवल्यापासून तो कळेपर्यंत लोटलेला वेळ, आणि कळल्यापासून तो दुरुस्त होईपर्यंत लोटलेला वेळ. हे दोन्ही आक्रसू लागले की बाकीचे लाभ त्यांच्यामागून येतात. दोन खात्यांचे आकडे का जुळत नाहीत ह्या वादात महिनाअखेरीस जाणारे दिवस वाचतात. कोणीच न वाचणारे तक्ते वंशावळीत उघडे पडतात आणि ते बंद केल्याने क्लाउडचे बिल उतरते. नव्याने रुजू झालेल्या अभियंत्यास पाइपलाइनीचा स्वभाव सहकाऱ्यांच्या आठवणींतून नव्हे, तर नोंदींतून कळतो. जुन्या वेअरहाउसमधून नव्यात स्थलांतर करताना दोन्हीकडील तक्ते शेजारी ठेवून तुलना करता येते. आणि ज्याचे मोल आम्ही सर्वाधिक मानतो असा लाभ म्हणजे डेटा-तुकडीची प्रतिष्ठा : ‘तुमचा आकडा खरा कशावरून’ ह्या प्रश्नाला ती आता आवाज चढवून नव्हे, तर दाखला पुढे ठेवून उत्तर देऊ शकते.

निष्काळजीपणाची किंमत किती मोठी असू शकते ह्याचे पुरावे सार्वजनिक आहेत. युनिटी सॉफ्टवेअर ह्या कंपनीने २०२२ च्या मे महिन्यात जाहीर केले, की एका मोठ्या ग्राहकाकडून आलेला सदोष डेटा तिच्या जाहिरात-प्रतिमानात शिरल्याने, अन्य अनुषंगिक अडचणींसह, त्या वर्षाच्या उत्पन्नाला सुमारे ११ कोटी डॉलरांचा फटका बसेल. त्याच वर्षीच्या वसंतात इक्विफॅक्स ह्या पतमापन संस्थेच्या एका सर्व्हरवरील सदोष आज्ञावलीमुळे सुमारे तीन लाख अमेरिकी ग्राहकांचे पतगुण २५ किंवा त्याहून अधिक अंकांनी बदलले. बँकांच्या बाबतीत तर नियामकांनी ही काळजी कायद्याच्या कक्षेत आणली आहे. बॅसल समितीने २०१३ च्या जानेवारीत जोखमीच्या डेटाचे एकत्रीकरण कसे असावे ह्याची तत्त्वे घालून दिली, आणि सिटीबँकेला जोखीम-व्यवस्थापन व डेटा-कारभारातील उणिवांबद्दल २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ४० कोटी डॉलरांचा दंड झाला.

आपल्या देशातही हवा बदलली आहे. पतविषयक माहितीतील चुकीबद्दलची तक्रार ३० दिवसांत निकाली न निघाल्यास तक्रारदारास दर दिवसामागे १०० रुपये भरपाई द्यावी, असा दंडक रिझर्व्ह बँकेने २०२३ साली घातला. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाच्या आठव्या कलमान्वये, ज्या डेटाच्या आधारे व्यक्तीवर परिणाम करणारा निर्णय होणार, तो पूर्ण, अचूक व सुसंगत असल्याची निश्चिती करणे हे संस्थेचे कर्तव्य ठरते. पुण्यातील हिंजवडी-खराडीपासून मुंबईच्या वित्तसंस्थांपर्यंत जे हजारो मराठी तरुण देशविदेशच्या संस्थांच्या पाइपलाइनी रात्रपाळीत सांभाळतात, त्यांच्यापुढे हे कर्तव्य उद्या लेखापरीक्षकाच्या प्रश्नावलीच्या रूपाने उभे राहणार आहे.

चुकीच्या आकड्याच्या ह्या धोक्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने नवी भर घातली आहे. आजवर अनुभवी व्यवस्थापक तक्त्यावरून नजर फिरवी आणि विचित्र आकडा त्याला खटके; आता तोच आकडा एखाद्या भाषिक प्रतिमानाच्या सफाईदार वाक्यात विरघळून त्याच्यापुढे येतो, आणि खटकण्याची ती अखेरची संधीही हिरावली जाते. वाचकाची नजर जेथे निरुपयोगी ठरते, तेथे तपासणी त्याच्या कितीतरी आधी, तक्त्यांच्या पातळीवर, झालीच पाहिजे.

ह्या शास्त्राची मर्यादाही आरंभीच सांगून ठेवणे उचित. विक्री-प्रतिनिधीने न घेतलेली भेट घेतली म्हणून नोंदविली आणि रोज तितक्याच सातत्याने नोंदविली, तर कोणतीही ऑब्झर्व्हेबिलिटी ती पकडणार नाही. ती वर्तनातील बदल ओळखते, सत्यासत्य नव्हे. शिवाय प्रत्येक तपासणीला वेअरहाउसमध्ये खर्च येतो, आणि सर्व तक्त्यांवर सर्व तपासण्या लावणाऱ्या संस्थेस तो बिलाच्या रूपाने लवकरच कळतो.

म्हणून प्रस्तुत ग्रंथाने आपले उद्दिष्ट मर्यादित ठेवले आहे. कोणत्याही एका साधनाची मार्गदर्शिका होण्याचे त्याने टाळले आहे, कारण साधने बदलतात आणि त्यांची पडदाचित्रे वर्षभरात जुनी होतात. व्यवसायाच्या प्रश्नाकडून तक्त्याकडे, तक्त्याकडून स्तंभाकडे आणि तेथून उगमाकडे कसे जावे, इशारा आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय करावे, कोणास कळवावे आणि प्रसंग मिटल्यावर त्याची लेखी मीमांसा कशी करावी, ह्या गोष्टींना त्याने प्राधान्य दिले आहे. अभियंत्यांइतकेच विश्लेषक, हिशेब खात्यातील अधिकारी आणि व्यवस्थापक हेही त्याचे वाचक आहेत. आज्ञावली जेथे अपरिहार्य होती तेथेच दिली आहे.

वाचकांस एक विनंती. पुढील पाने उलटण्यापूर्वी ज्याच्या आधारे आपल्या संस्थेत दरमहा पैशाचा निर्णय होतो असा एकच तक्ता निवडावा, आणि तो कोठून येतो, किती वाजेपर्यंत यावा, त्यात साधारणतः किती ओळी असाव्यात आणि तो चुकल्यास पहिला निरोप कोणाला जावा, ह्या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. ज्या प्रश्नापुढची जागा कोरी राहील, त्या विषयाच्या प्रकरणापासून वाचनास आरंभ केला तरी चालेल. प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे वाचता येईल अशीच ग्रंथाची रचना आहे.